पत्र्याचा कोंबडा आणि पिसांची टोपी

लिओना शुपवर कोंबडा मारल्याचा आळ होता. कोंबडा पत्र्याचा होता, त्यामुळे तो मेला नव्हता. पण बटरनट रन बंदूक क्लबच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता. क्लबच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवत तो तीन पिढ्या उभा होता आणि आता त्याच्या पोटाला भोक होते.

"आज दुपारी मतदान आहे," लिओना म्हणाली. "मला काढून टाकायचं की नाही यावर."

ती खासगी चौकशीची कामे करणाऱ्या ऑर्फा क्लाइनच्या कचेरीत बसली होती. मांडीवर सफरचंदाच्या डंपलिंगचा डबा होता. गावात तिची बेकरी होती आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जायची तिला सवय नव्हती. ऑर्फाच्या दिवंगत बहिणीचा नवरा मर्ल डब्याकडे पाहत होता. मर्लने हयातभर दुधाचा टँकर चालवला होता. आता तो ऑर्फाची गाडी चालवायचा, कारण ऑर्फा विचार करता करता गाडी चालवायची आणि पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरी रस्त्यांना ते मानवत नव्हते.

"काढलं तर काढलं," मर्ल म्हणाला. "दुसरे क्लब आहेत की."

"बाबांची जागा नाहीये ना दुसऱ्या क्लबात." लिओनाने डबा टेबलावर ठेवला. "नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांनी शिकार करायचा हंगाम लागला की बाबा त्या खिंडीतल्या हेमलॉकच्या झाडाखाली बसायचे. दर वर्षी. जमीन क्लबची, सभासदाशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही. वसंतात गेले, त्याआधी म्हणाले, यंदा माझ्या जागेवर तू बस, माझी बंदूक घेऊन. मी हो म्हटलं. मला तेव्हा बंदूक कुठून भरतात तेही माहीत नव्हतं."

"आणि आता?" ऑर्फाने विचारले.

"आता शिकतेय. म्हणजे, शिकत होते. गेल्या शनिवारी पहिला धडा. हार्लन फेन्स्टरमाकर स्वतः शिकवायला उभे राहिले. क्लबचे अध्यक्ष, बाबांचे दोस्त."

ऑर्फाने कोपऱ्यातली छत्री उचलून तिच्या हातात दिली. "ही बंदूक. शिकवलं तसं करून दाखव."

लिओनाने छत्री दोन पायांच्या मध्ये उभी धरली. बेकरीतल्या बायका पाककृती सांगतात तशी ती सांगू लागली. "चिंधीला चरबी चोळायची. नळीच्या तोंडावर पसरायची. वर शिशाची गोळी, अंगठ्याने दाबायची. मग गजाने ठासत ठासत थेट तळापर्यंत. गज जागच्या जागी. घोडा अर्धा ओढायचा, खालच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू. पोलादी झडप बंद. निशाण धरायचं, घोडा पूर्ण ओढायचा, चाप. चकमक झडपेवर घासते, ठिणगी रंजकात पडते, जाळ कानातून आत जातो."

"कानातून?" मर्लने आपला कान चाचपला.

"नळीच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात." लिओनाने छत्री खाली ठेवली. "हार्लननी जसं केलं तसं मी सगळं केलं. ते त्यांची बंदूक भरत होते, मी शेजारी माझी. त्यांनी नाक खाजवलं तेव्हा मीही खाजवलं, म्हटलं असेल काहीतरी त्यातलं. सगळा वेळ बाबांच्या गोष्टी सांगत होते. त्यांचे डोळेही भरून आले."

"मग बार उडाला?"

"त्यांच्या बंदुकीचा कान तुंबला होता. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मी कान साफ करून येतो, तू थांब, म्हणाले. बाकी सगळे जेवायला आत. मी उभी. थोड्या वेळाने वाटलं, आपणच पाहावं. चाप ओढला, वाटीत भप्प झालं, पुढे काही नाही. पुन्हा रंजक घातलं, पुन्हा भप्प. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि ओढला. तोंडासमोर धूर झाला, कुठेतरी आवाज झाला आणि सगळे धावत बाहेर आले. वर कोंबडा गरागरा फिरत होता."

"धक्का बसला खांद्याला?" ऑर्फाने विचारले.

लिओना विचारात पडली. "नाही. पण पहिलाच बार. कसा असतो धक्का?"

"हे तू क्लबात सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

ऑर्फाने कोट चढवला. मर्लने डबा उचलला.

*

क्लबघर म्हणजे एक लांबट लाकडी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे, थोडे दूर, लाकडी शौचालय. समोर मोकळे मैदान आणि त्याच्या टोकाला गोळ्या अडवायचा मातीचा बांध. भिंतीवर पाटी होती: बार भरणाऱ्याशी बोलू नये.

चिटणीस युनिस हॉस्टेटर दारातच उभी होती. तिच्या मागे मेजावर लिओनाची बंदूक आडवी ठेवली होती आणि शेजारी कोंबडा.

"हात लावायचा नाही," युनिस म्हणाली. "पुरावा आहे."

"बंदूक आठ दिवस साफ न करता ठेवलीत?" ऑर्फाने विचारले.

युनिस दुखावली. "त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुवायला हवी, मला काय कळत नाही? रोज रात्री डोळ्यासमोर गंज येतो. पण नियम म्हणजे नियम. मी तिला कपाटात कुलूप लावून ठेवली आणि किल्ली गळ्यात. हार्लन दोनदा म्हणाला, दे, मी धुऊन ठेवतो. मी म्हटलं, अध्यक्ष असशील तुझ्या घरी."

"हार्लन फार चिडलेत का लिओनावर?"

"चिडेल कसला. हाच माणूस, गेल्या वर्षी गोळी झाडायच्या रेषेवर शिट्टी वाजवली म्हणून एकाला महिनाभर बाहेर बसवलं. आणि आता म्हणतो, जाऊ दे, पोर नवीन आहे, माफ करू. म्हातारा झाला तो."

"तुमचं घर समोरचंच ना?" ऑर्फाने खिडकीकडे पाहिले. "कोंबडा कुरकुरत असेल वाऱ्याने."

"रात्रभर. माझा नवरा गेला, पण हा ओरडायचा थांबला नाही." युनिस जराही कचरली नाही. "मला त्याला गोळी घालावीशी वाटली नाही असा एकही हिवाळा गेला नाही. पण त्या वेळी मी आत नूडल सूप वाढत होते, सगळ्या क्लबदेखत. आवाज आला तेव्हा पळी हातात होती."

"कसा आवाज?"

"बंदुकीचा. म्हणजे," ती थांबली, "फळी पडल्यासारखा. एरवी बार झाला की कपाटातल्या बश्या वाजतात. त्या दिवशी नाही वाजल्या."

ऑर्फाने दोन बोटांनी कोंबडा किंचित हलवला. आत काहीतरी खुळखुळले.

"पुरावा," युनिस म्हणाली.

मर्लला मात्र एक सुचले होते. भोक कोंबड्याच्या डाव्या अंगाला होते. तो बाहेर जाऊन छपराकडे पाहून आला, हाताने दिशा मोजल्या आणि ऑर्फाला बाजूला घेतले. "गोळी पूर्वेकडून आली. म्हणजे युनिसच्या घराकडून."

"मर्ल, तो कशासाठी आहे छपरावर?"

"वाऱ्याची दिशा..." मर्ल बोलता बोलता गप्प झाला. वारा बदलला की कोंबडाही तोंड फिरवतो हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने डबा उघडला.

*

विल्मर झूक मैदानाच्या कडेला गोळ्या मोजत बसला होता. तो बंदुकांची दुरुस्ती करायचा. त्याची दाढी एका बाजूने आखूड होती, कारण ती नेहमी त्याच बाजूने जळायची.

"ती बंदूक मी विकत मागितली, हो," तो न विचारताच म्हणाला. "त्याच संध्याकाळी. तिच्या बापाने सगळ्यांसमोर मला अकरा वर्षं हरवलं त्या बंदुकीने. मला ती भिंतीवर टांगून तिच्याकडे रागाने बघायचंय. हा गुन्हा असेल तर लिहून घ्या."

"गोळी झाडली गेली तेव्हा कुठे होतात?"

"तिसरी वाटी सूप. युनिसला विचारा, ती मोजते."

"आमच्या मर्लला एक बार भरायला शिकवाल?"

मर्लने तोंडातले डंपलिंग गिळले. विल्मरने त्याला नखशिखांत पाहिले, कानात घालायला बोळे दिले आणि आपली बंदूक त्याच्या पुढ्यात उभी केली.

"आधी गज आत सोड. रिकामी आहे, बघ, थेट तळाला गेला. या खुणेपर्यंत. आता बाहेर. आता दारू, या मापाने. सगळ्यात आधी दारू. मग चिंधी, मग गोळी. ठास. आता गज बघ. खुणेच्या वर चार बोटं उरला. म्हणजे बार भरलेला. शंका आली की गजाला विचार, तो खोटं बोलत नाही."

"आणि दारू घालायची राहिली तर?"

"तर ते." विल्मरने हनुवटीने क्लबघराच्या दाराकडे दाखवले. खुंटीवर एक जुनी टोपी होती. तिला कोंबडीची पिसे शिवली होती आणि वर लाल फ्लॅनेलचा तुरा होता. "जो दारू विसरतो तो दिवसभर ती घालतो आणि कॉफीच्या प्रत्येक घोटाआधी कॉक्-कॉक् करतो. आम्ही सगळ्यांनी केलंय. धर्मगुरूंनीसुद्धा. एकट्या हार्लनने नाही, कधीच. तो दरवेळी ते ऐकवतोही."

"मग ती अडकलेली गोळी निघते कशी?"

"स्क्रू लावून ओढायची, सगळ्यांसमोर. नाहीतर सुईने कानातून थोडं थोडं रंजक आत सारायचं आणि फुसका बार काढायचा, बांधाकडे तोंड करून. टोपी दोन्हीकडे तीच. बोलू नकोस आता, निशाण धर."

मर्लने निशाण धरले. आधी वाटीत भप्प झाले. त्याने मान वळवली, आणि मग नळीत धडाम झाले. खांद्याला खेचराने लाथ मारावी तसा धक्का बसला. क्लबघराच्या आतून बश्या वाजल्याचा आवाज आला. बांधापासून बऱ्याच दूर एका झाडाची फांदी खाली पडली.

"भप्प आणि धडाम यांच्या मध्ये न हलणं, यालाच नेमबाजी म्हणतात," विल्मर म्हणाला. "बाकी सगळं जमलं तुला."

मर्लने भुवई चाचपली. निम्मी होती.

"रंजक किती लागतं एका दिवसाला?" ऑर्फाने विचारले.

"नावाला. एक रंजकदानी महिना पुरते." विल्मरने बंदूक परत घेतली. "म्हणजे मला तरी. हार्लनने शनिवारी दुपारी माझ्याकडे मागितलं. सकाळी माझ्यासमोर काठोकाठ भरली होती त्याने. म्हातारा सांडायला लागला आता."

*

हार्लन फेन्स्टरमाकर क्लबघरामागे लाकडे रचत होता. ती आधीच रचलेली होती. तो उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस होता आणि त्याने ऑर्फाला बघून टोपी काढली.

"एझ्राची पोर लिओना भली आहे," तो म्हणाला. "मी मतदानात तिच्या बाजूने हात वर करणार. तेवढं तिला सांगा."

"गोळी झाडली गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथे मागे." त्याने मानेने शौचालय दाखवले. "माणसाला जावं लागतं."

"आणि बंदूक?"

"बरोबर होती. कान साफ करायला घेऊन आलो होतो."

"भरलेली बंदूक घेऊन?"

हार्लनने एक लाकूड उचलले, फिरवून पाहिले आणि होते तिथेच ठेवले. "बाई, मी आयुष्यात खोटं बोललो नाही. रेषेवरून निघालो तेव्हा त्या नळीत दारूचा कणही नव्हता. बायबलवर हात ठेवून सांगतो."

"त्याची गरज नाही," ऑर्फा म्हणाली. "माझा विश्वास आहे."

परत येताना मर्ल खूश दिसला. "चला, हा तरी सुटला. दारूच नाही तर गोळी उडेल कशी."

"तू आज बरंच शिकलास मर्ल," ऑर्फा म्हणाली. "आता शिकलेलं वापर."

मर्लने प्रयत्न केला. त्याला खांदा दुखत असल्याचेच तेवढे कळले.

*

जेवणानंतर सगळे सभासद लांब मेजाभोवती जमले. लिओना टोकाला, मांडीवर हात घेऊन बसली होती. हार्लन अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्यासमोरची कॉफी निवत होती. युनिसने आरोप वाचला. मतदानाआधी कुणाला काही म्हणायचे आहे का, असे तिने विचारले.

"मला," ऑर्फा म्हणाली. "आठ दिवस तुम्ही या बंदुकीकडे बघताय. तिला कुणी प्रश्न विचारला का?"

"बंदुकीला?" युनिस म्हणाली.

"विल्मर म्हणतात, गज खोटं बोलत नाही. पुराव्याला हात लावायला चिटणीसबाईंची परवानगी असेल तर त्यांनीच तो आत सोडावा."

युनिस जराशी घुटमळली. मग तिने लिओनाच्या बंदुकीची झडप उघडून वाटी पुसली, नळीचे तोंड कुणाकडे नाही हे पाहिले आणि गज आत सोडला. तो जवळजवळ तळाला गेला आणि थांबला.

"रिकामी असती तर या खुणेपर्यंत गेला असता," विल्मर पुढे वाकून म्हणाला. "नीट भरलेली असती तर चार बोटं वर राहिला असता. हा जेमतेम बोटभर वर आहे." तो सावकाश खाली बसला. "गोळी आत आहे. खाली दारू नाही."

"म्हणजे हिने कोंबडा मारला नाही," कुणीतरी म्हणाले.

"हिने काहीच मारलं नाही," ऑर्फा म्हणाली. "तीनदा वाटीतलं रंजक जाळलं, त्याचाच धूर तुम्ही पाहिलात. धक्का बसला नाही, कारण बार नव्हताच. एरवी इथल्या बश्या वाजतात, त्या दिवशी वाजल्या नाहीत. कारण त्याच क्षणी दुसरीकडे झालेला खरा आवाजही पुऱ्या बाराचा नव्हता. पुऱ्या बाराची गोळी हा जुना पत्रा आरपार फोडून गेली असती. ही एका अंगाने शिरली आणि दुसऱ्या अंगाला टेकून बसली." ऑर्फाने कोंबडा उचलून हलवला. तो खुळखुळला. "कुणीतरी फुसका बार काढला. त्यासाठी कानातून रंजक आत सारावं लागतं. भरपूर लागतं, सांडतंही. रंजकदानी रिकामी होते."

विल्मरचा हात आपल्या रंजकदानीकडे गेला.

"आता एक गंमत बघा. आज सकाळी लिओनाने मला छत्रीवर धडा म्हणून दाखवला. चिंधी, गोळी, गज, रंजक. नळीतल्या दारूचं नाव नाही. मला वाटलं विसरली. पण लिओना बेकरीवाली आहे. तिला एकदा करून दाखवलं की ती त्यातलं काही गाळत नाही आणि पदरचं काही घालत नाही. शिकवणाऱ्याने नाक खाजवलं तर तीही खाजवते. तिने दारू घातली नाही, कारण शिकवणाऱ्याने घातली नाही."

सगळ्या माना हळूहळू अध्यक्षाच्या खुर्चीकडे वळल्या. मर्लची सगळ्यात शेवटी वळली.

"हार्लनच्या बंदुकीचा कान तुंबला नव्हता," ऑर्फा म्हणाली. "चाप ओढल्याबरोबर त्यांना कळलं काय झालं ते. भिंतीवर पाटी आहे, बार भरणाऱ्याशी बोलू नये. स्वतःशीही बोलू नये असं त्यात लिहायला हवं होतं. ते एझ्राच्या गोष्टी सांगत होते. दोस्त जाऊन वर्ष झालेलं नाही. डोळे भरले आणि दारू राहिली. सगळे जेवायला गेलेत, मागे जाऊन फुसका बार काढू, कुणाला कळणार नाही, असं त्यांना वाटलं. बांध समोरच्या बाजूला, तिथे लिओना उभी. म्हणून नळी आभाळाकडे केली. मध्ये कोंबडा होता."

"पण तो म्हणाला, दारूचा कणही नव्हता," मर्ल म्हणाला.

"खरंच म्हणाले. गोळी नव्हती असं कुठे म्हणाले?"

हार्लन उठला. सगळ्यांना वाटले तो रागावणार. तो लिओनाकडे वळला. "पोरी, मी रोज ठरवत होतो सांगायचं. मग ती टोपी दिसायची. एवढी वर्षं मी सगळ्यांना हसलो. एझ्राला तर जास्तच. त्याने ती दोनदा घातली, माझ्यासमोर." त्याने खुंटीकडे पाहिले. "तुला त्यांनी काढलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगत होतो. खात्रीने नाही सांगता येत."

"बाबा म्हणायचे," लिओना म्हणाली, "की हार्लन एक दिवस विसरेल, आणि तो दिवस बघायला मी नसेन."

कुणीतरी हसू दाबले. हार्लन दाराकडे गेला आणि खुंटीवरची टोपी काढली.

"थांबा," लिओना म्हणाली. "ती आधी माझी. मीही दारू विसरले. आणि थांब म्हटलेलं असताना मी तीनदा चाप ओढला."

"तुला कुणी शिकवलंच नाही," विल्मर म्हणाला.

"नियमात तसं काही लिहिलंय?"

सगळ्यांनी युनिसकडे पाहिले. युनिसने चष्मा काढून पुसला. "नियमात एवढंच आहे की टोपी सभासदाने घालायची. पाहुण्याला ती देता येत नाही. आरोपीला तर नाहीच." तिने चष्मा पुन्हा घातला. "तेव्हा आधी मत घ्यावं लागेल. लिओना शुप सभासद राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. टोपी हातात होती म्हणून हार्लनने टोपीसकट केला. मर्लनेही केला. युनिसने त्याला सांगितले की तो सभासद नाही, आणि तरी तो मोजला.

लिओनाने टोपी घातली. ती तिला मोठी होती. विल्मरने तिची बंदूक बाहेर नेली, सुईने कानातून रंजक सारले आणि बांधाकडे तोंड करून चाप ओढला. फळी पडल्यासारखा आवाज झाला. स्वयंपाकघरातल्या बश्या गप्प राहिल्या. "हाच," युनिस म्हणाली, "हाच तो आवाज." मग तिने स्वतः किटलीभर उकळते पाणी आणले आणि ती बंदूक अशी धुतली की जणू आठ दिवस तिचा श्वास कोंडला होता.

नळी कोरडी झाल्यावर लिओना रेषेवर उभी राहिली. हार्लन तिच्या शेजारी, हात मागे बांधून. या वेळी तो एक शब्द बोलला नाही. नाकही खाजवले नाही.

"आधी दारू," लिओना स्वतःशी म्हणाली. मापाने ओतली. चिंधी, गोळी, गज. गज खुणेच्या चार बोटे वर राहिला. रंजक, झडप, घोडा. तिने डोळे उघडे ठेवले.

भप्प, आणि लगेच धडाम. बश्या वाजल्या. तिची टोपी मागे उडून मर्लच्या पायाशी पडली आणि दोन पिसे डंपलिंगच्या रिकाम्या डब्यात. बांधावरच्या कागदाच्या कोपऱ्यात एक भोक होते. निशाणापासून बरेच दूर, पण कागदातच.

लिओना खांदा चोळत उभी राहिली. "हा होय धक्का," ती म्हणाली. मग थोडा वेळ तिने खिंडीकडे, हेमलॉककडे पाहिले आणि पुन्हा दारूचे माप उचलले.

हार्लनने वाकून टोपी उचलली, झटकली आणि आपल्या पांढऱ्या केसांवर नीट बसवली. युनिसने त्याच्या हातात गरम कॉफी दिली आणि वाट बघत उभी राहिली. सगळेच वाट बघत होते.

"कॉक्," अध्यक्ष म्हणाले. "कॉक्."

कोंबडा त्याच संध्याकाळी पुन्हा छपरावर चढला. आतली गोळी काढायला विल्मर तयार होता, पण सगळ्यांनी ती राहू द्यायचे ठरवले. आता वारा आला की तो कुरकुरत नाही. पोटातल्या भोकातून शिट्टी वाजवतो आणि वळताना खुळखुळतो. युनिस म्हणते, हे पहिल्याहून वाईट आहे. पण तिने अजून तक्रार लिहून दिलेली नाही.